आईबाप ऊसतोडीला गेले की वर्गातली लेकरं बदलतात, दोनशिक्षकी शाळेत काय करता येईल?

दोनशिक्षकी_बाई

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात वस्तीवरच्या झेडपी शाळेत आहे, पहिली ते चौथी, शिक्षक दोनच, पहिली-दुसरी सरांकडं आणि तिसरी-चौथी माझ्याकडं. जुन्या धाग्यांवरून दिसतंय की इथं बरेच शिक्षक आहेत आणि एक-दोन जण मानसोपचारवालेपण आहेत म्हणून विचारतेय. जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडं दिवाळी झाली की टोळ्या हलतात. निम्म्याच्या वर घरांना कुलूप लागतं, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी खाली कर्नाटकात, ते थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत ती लेकरं मागं राहतात आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह सुरू होतं. वसतिगृह नावाला, आमच्याकडं दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडं असंच चालतं. पटावरची लेकरं टिकतात, हजेरी भरते, वरचे खूश. आणि ते चांगलंच आहे, फडात हिंडण्यापेक्षा शाळेत बसलेलं कधीही बरं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागं राहिलेल्या लेकराचं काय होतं ते हजेरीपटात येत नाही ना.

आत्ताचं सांगते. तिसरीतली एक मुलगी, दिवाळीआधी परिपाठात स्वतःहून पुढं येऊन गोष्ट सांगायची, आता वर्गात तोंडच उघडत नाही, आणि रोज दुसऱ्या तासाला पोट धरून बसते. आजी म्हणते नाटकं करतीय. चौथीतला एक मुलगा दिवसभर ठीक असतो पण शाळा सुटायची वेळ झाली की कुणाला तरी मारतोच. तिसरीतलाच अजून एक, त्याचं अंथरूण ओलं व्हायला लागलंय, आजीनं ते ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं आणि आता पोरं त्याला चिडवतात. बाकीची बरी आहेत, एक मुलगी तर इतकी शहाणी आहे की पहिलीतल्या भावाचं सगळं तीच बघते, मला कधी काही सांगावं लागत नाही.

समुपदेशक वगैरे आमच्या तालुक्यात कुठं असेल तर मला भेटलेला नाही. मला थेरपी करायची नाही, मला फक्त हे विचारायचंय की वर्गात बसून मी काय करू शकते आणि काय करू नये. आईबापांना फोन लावून द्यावा का? लावला की पोरं आणखी रडतात, आजी म्हणतात लावूच नका. आणि "बाई, माझी आई कवा येणार" ह्याला काय उत्तर द्यायचं? घरी सगळे "उद्या येतीय" म्हणून सांगतात.

जुना_गुरुजी

बाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्या "उद्या"नं होतं. म्हातारी माणसं वेळ मारून न्यायला बोलतात पण लेकरू खरंच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर जाऊन बसतं, मग परवा, मग तेरवा, आणि पंधरा दिवसांत त्याचा मोठ्या माणसांवरचा भरवसा जातो, तुमच्यावरचासुद्धा. खरं सांगायचं. तिसरीच्या पोराला मार्च-एप्रिल म्हणून काही कळत नाही पण सण कळतात. मी वर्गात भिंतीवर कार्डशीटची एक लांब पट्टी लावतो, तिच्यावर दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र, होळी, पाडवा एवढंच, प्रत्येकाचं चित्र पोरांकडूनच काढून घेतो. "कारखाना बंद झाला की येणार, होळी ते पाडव्याच्या आसपास, नक्की दिवस मलाही माहीत नाही, मला कळला की आधी तुला सांगीन." एवढंच वाक्य, आणि दरवेळी तेच. काही जण दिवसांचे चौकोन काढून रोज एक खोडायला लावतात, मला ते पटत नाही, नोव्हेंबरात एवढे सगळे रिकामे चौकोन बघून पोर खचतं.

फोनचं म्हणाल तर जरूर लावा पण ठरलेल्या वारी. आज लावला, मग दहा दिवस नाही, मग सलग दोन दिवस, असं केलं की लेकरू सारखं तुमच्या खिशाकडं बघत राहतं. अडचण अशी की तोडणीवाले पहाटे तीन-चारला फडात जातात, गाडी भरायची वेळ त्यांच्या हातात नसते, रेंज नसते, कधी एका कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, एकच मोबाईल चालू असतो. म्हणून मी दोन वर्षं झाली फोनपेक्षा व्हॉट्सॲपच्या आवाजावर जास्त भर देतो. लेकरू कविता म्हणतं किंवा धड्यातला एक उतारा वाचतं, तो आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, आईबाप रात्री कोपीत बसून ऐकतात आणि रेंज मिळेल तेव्हा उलट पाठवतात. एका आईनं नुसती भाकरी थापतानाचा आवाज पाठवला होता, बोलायला सुचलं नाही म्हणे. तो त्या पोरानं किती वेळा ऐकला असेल विचारू नका. शिवाय आईच्या आवाजाचं असं की तो साठवून ठेवता येतो, ज्या दिवशी लेकरू फार मिटलेलं दिसेल त्या दिवशी लावून द्यायचा.

फोननंतर रडतात, हो, रडणारच. त्यात वाईट काय आहे ते मला कळलेलं नाही. फक्त शाळा सुटायच्या तोंडावर लावू नका, दुपारच्या सुट्टीत लावा म्हणजे पुढं तास-दोन तास तुम्ही समोर असता, हाताला काहीतरी काम असतं.

पोटदुखीवाल्या मुलीला आधी एक साधी गोष्ट विचारा, सकाळी काय खाल्लं. माझ्याकडं अशा निम्म्या केसेस चहा-टोस्टवर आलेल्या निघतात, आजी रोजानं कुणाच्या तरी शेतात गेलेली असते, खिचडी शिजेपर्यंत पोटात काही नाही. मी ऑफिसच्या कपाटात फुटाणे आणि गूळ ठेवतो. कुणाला का दिलं याचं कारण सांगत नाही, प्रार्थनेच्या आधी सगळ्यांनाच मूठ मूठ.

आणि एक, सगळ्यांसमोर "कुणाकुणाला आईची आठवण येते" असं कधीही विचारू नका. मी फळ्याच्या खाली चार तोंडं काढतो, हसरं, रडकं, रागाचं आणि नुसतं सरळ. आत येताना प्रत्येकानं आपला चिंचोका एकावर ठेवायचा, बोलायचं काही नाही. मी हजेरी घेता घेता बघून घेतो कुणाचा चिंचोका कुठं आहे. तीन-चार दिवस एकाच रडक्या तोंडावर दिसला तर मग बाहेर झाडलोट करताना वगैरे त्याच्याशी सहज बोलतो.

रोखठोक

सगळं वाचलं. आमच्या वेळी पण आईबाप जात होते, कुणी आवाज रेकॉर्ड केले नाहीत, चिंचोके ठेवले नाहीत, तरी शिकलोच की. मास्तरांना आधीच युडायसची शाळेची आकडेवारी, बीएलओचं मतदारयादीचं काम, ऑनलाइन माहिती, निपुणच्या वाचन-गणिताच्या चाचण्या, वर आता लेकरांची मनं पण सांभाळा. लाड जास्त केले की पोरं कच्ची राहतात एवढं माझं स्पष्ट मत.

बालमन_ओपीडी

मी बालमानसतज्ज्ञ आहे, काही वर्षं सरकारी रुग्णालयात काम केलंय, आता पुण्यात. रोखठोक यांचा कामाच्या ओझ्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि म्हणूनच मी जे सांगणार आहे त्यात वेगळा तास, वेगळं रजिस्टर असं काही नाही. बाकी "शिकलोच की" म्हणणारे दिसतात, जे सहावीत शाळा सोडून कोयता घेऊन गेले ते इथं लिहायला येत नाहीत.

बाई, तुम्ही लिहिलेल्या तिघांबद्दल वेगवेगळं बोलते.

न बोलणारी मुलगी. आधी आजीला विचारा की घरी, गल्लीत, मैत्रिणींशी बोलते का. घरी बडबड आणि वर्गात चिडीचूप असेल तर तिला बोलायला लावू नका, "बोललीस तर चॉकलेट" नको आणि "नाही बोललीस तर उभी राहा" तर अजिबात नको, दोन्हीनं भीती वाढते. मान हलवून उत्तर चालेल, मैत्रिणीच्या कानात सांगितलेलं चालेल, पाटीवर लिहिलेलं चालेल. तिच्याशी बोलताना प्रश्न कमी विचारा, तिच्या शेजारी बसून ती जे करतेय त्याबद्दल तुम्हीच बोला. पण ती सगळीकडंच गप्प असेल, खेळणं सोडलं असेल, जेवण कमी झालं असेल, झोप नीट नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या पुढं गेलं असेल तर वाट बघू नका, दाखवा.

पोटदुखी नाटक नसते. ताणामुळं दुखणारं पोट खरंच दुखतं, लहान मुलांना मनातलं शब्दांत मांडता येत नाही तेव्हा ते बऱ्याचदा पोटात किंवा डोक्यात उतरतं. तरी आधी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकदा दाखवून घ्या. ताप, उलट्या, शौचातून रक्त, वजन कमी होणं, दुखण्यानं रात्री जाग येणं यातलं काही असेल तर ते मनाचं म्हणून सोडायचं नाही. शाळेत जंताची गोळी देतात ती तिनं घेतली होती का तेही बघा. हे सगळं ठीक असेल तर "दुखतंय का, बरं, दहा मिनिटं इथं माझ्याजवळ टेक, मग आपण चित्र पूर्ण करू" एवढं पुरतं. घरी पाठवू नका. घरी तरी कोण आहे?

अंथरूण ओलं होणाऱ्या मुलाबद्दल आजीला आणि तुम्हाला दोघींना एक माहिती, सात वर्षांच्या शंभर मुलांमध्ये पाच ते दहा जणांना हा त्रास असतो, मुद्दाम कुणी करत नाही. पण आधी बरेच महिने कोरडं राहत होतं आणि आता परत सुरू झालं असेल तर ताण हे एक कारण झालं, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित मधुमेह ही पण कारणं असतात, म्हणून लघवीची तपासणी करून घ्या. सारखी तहान, सारखी लघवी आणि अंग उतरतंय असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. बाकी दिवसभर पाणी भरपूर, संध्याकाळनंतर बेतानं, झोपायच्या आधी लघवीला पाठवणं, आणि सकाळी आरडाओरडा बंद. चिडवण्याचं तुम्हीच थांबवा पण त्याचं नाव न घेता. वर्गापुढं उभं राहून "याला चिडवू नका" म्हणालात की ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळतं.

मारणारा मुलगा मला सगळ्यात सोपा वाटतो, कारण तुम्हीच वेळ सांगितलीत. शाळा सुटताना. म्हणजे बाकीचे घरी जायला पळतात आणि त्याचं घर रिकामं आहे. शेवटची वीस मिनिटं त्याला काहीतरी जबाबदारीचं द्या, फळा पुसणं नको, खरंच महत्त्वाचं वाटेल असं, परसबागेला पाणी, दाराची कडी-कुलपं, पुस्तकपेटी मोजून ठेवणं. मारलं तर लगेच थांबवा, "मारायचं नाही", संपलं, भाषण नको. हात उगारू नका हे तुम्हाला सांगायची गरज नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहेच, त्यात अंगावर मारण्याबरोबर मानसिक छळही येतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता करू नये ते. खोदून खोदून विचारू नका. मात्र मागं राहिलेली लेकरं नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात, त्यामुळं कधी कुणी अंगाला हात लावल्याचं किंवा मारहाणीचं सांगितलं तर शांतपणे ऐका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, तेच परत परत वदवून घेऊ नका, गावात बैठक बसवून मिटवू नका. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असेल तरी पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी मदत मिळते.

आणि पुढं कुठं न्यायचं हे कळत नसेल तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. मुलानंच बोलायला पाहिजे असं नाही, शिक्षक म्हणून तुम्ही लावा आणि विचारा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो तिथं आजीला घेऊन जाता येईल.

कोयत्याचं_पोर

रोखठोक दादा, मी पण तुमच्याच वेळचा असेन. मी शिकलो, आज नोकरीला आहे. माझ्या वर्गातले किती शिकले ते मोजायला गेलो तर तुमचं मत टिकत नाही एवढंच बोलतो, भांडायचं नाही.

बाई, मी लहानपणी आजीपाशी राहून शिकलेला. मला आई नसल्याचं दुःख होतंच पण ते सवयीचं व्हायचं, संक्रांतीपर्यंत लेकरू रुळतं. जास्त लागायचं ते वेगळंच. आमची जेवायची पंगत वेगळी बसायची ना, बाकीची पोरं घरी जायची आणि जाता जाता बघायची, ऊसतोड्याची पोरं जेवायला बसलीत म्हणून. मग कुणीतरी ब्लँकेट वाटायला यायचं, आम्हाला ओळीत उभं करून फोटो. आमच्या गुरुजींचा जीव होता आमच्यावर, पण पाहुणे आले की ते "बिचारी आहेत हो" असं आमच्यासमोरच म्हणायचे, ते ऐकून जमिनीत जावं वाटायचं. लेकरांना ऐकू येतं सगळं. तेव्हा काही वाटायचंच असेल तर ऑफिसात वाटा, फोटोशिवाय, आणि ज्यांचे आईबाप गावात आहेत त्यातल्या पण गरजू दोघा-चौघांना त्यात घ्या.

दुसरं मोबाईलचं. आमच्या वेळी नव्हता म्हणून वाचलो. आता ट्रॅक्टर-ट्रॉली कुठं उलटली, कुठं उसाच्या बैलगाडीला, टायरगाडीला धडकली की अर्ध्या तासात व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येतो आणि तो चुलत्याच्या मोबाईलवर लेकरं बघतात. माझा पुतण्या मागच्या हंगामात रात्र रात्र जागा राहायचा, कुणाला कारण कळेना, शेवटी त्यानं मला विचारलं, "काका, आपली ट्रॉली कंच्या रंगाची हाय?" तुमच्या न बोलणाऱ्या पोरीनं असलं काही बघितलंय का ते आजीला नाही, घरात ज्याच्याकडं मोठा मोबाईल आहे त्याला विचारा.

आणि आता तिसरं, ज्याच्यासाठी खरं मी लिहायला बसलो. तुम्ही तीन लेकरांची काळजी केली आणि चौथी एका ओळीत उरकली, पहिलीतल्या भावाचं सगळं बघणारी. बाई, तिला बघा. माझी बहीण तशीच होती. सकाळी पाणी भरणार, माझी आंघोळ, माझं दप्तर, आजीच्या पायाला तेल, आणि शाळेत गेली की सगळ्यात शहाणी पोरगी म्हणून तिलाच मॉनिटर. ती कधी रडली नाही कारण तिला रडायला वेळ कुणी दिला? पाचवीला गेली आणि त्या वर्षी आईबाप तिला संगं घेऊन गेले, बारकं तान्हं होतं, कोपीवर सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. तिथून तिची शाळा जी सुटली ती सुटली. तिला आज विचारलं तर म्हणते मला काही त्रास नव्हता.

तिच्या भावाला सरांच्या वर्गात सरांनीच बघायचं असं ठरवा. मधल्या सुट्टीत तिला त्याला भरवू देऊ नका, खेळायला हाकला. कधीतरी तिचा अभ्यास राहिला तर राहू द्या. आणि पट्टा पडून आईबाप आले की पहिली भेट तिच्या घरी द्या, पुढच्या वर्षी हिला न्यायचं नाही हे आत्तापासून त्यांच्या कानावर घालत राहा, दिवाळीत सांगून उपयोग नसतो, तोवर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन खर्चलेली असते.

केंद्रातला_एक

कागदावर काय काय आहे ते सांगतो, वापरता येईल तेवढं वापरा.

आरबीएसकेचं, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीचं, पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ते फक्त दात आणि डोळे बघायला नाही, वाढ-विकासातल्या अडचणी पण त्यांच्या यादीत आहेत, तेव्हा पथक आलं की नुसती सगळ्यांची रांग लावू नका, ही दोन-तीन लेकरं बाजूला घेऊन डॉक्टरांशी स्वतः बोला. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या जीआरनं प्रत्येक शाळेत असायला हवी, पुष्कळ ठिकाणी ती फलकावर असते. तिच्यात अंगणवाडी ताई, आशा ताई अशी गावातली माणसं घेता येतात, तीच तुमचे कान-डोळे, कारण शाळा सुटल्यावर लेकरू कुठं असतं ते त्यांना ठाऊक असतं.

आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी उपक्रमांचा वेळ, २०२४ पासून पहिली ते आठवीला आहे, तुमचे हे आवाज पाठवणं, चित्रं काढणं सगळं त्यात बसवा म्हणजे वेगळा वेळ दाखवावा लागत नाही. (कुणी अहवाल मागितला तर फोटो परसबागेचे द्या, लेकरांच्या तोंडांचे नको. कोयत्याचं_पोर यांनी जे लिहिलंय ते वाचून हे सुचलं.)

जी लेकरं आईबापांबरोबर गेली त्यांना शिक्षण हमी पत्रक दिलंय ना ते पण बघा, त्यावर तिकडच्या शाळेत बसता येतं. आणि एखाद्या लेकराचे वडील किंवा आई वारलेले असतील तर बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं, पुढं बालकल्याण समिती ठरवते. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं. पैशानं मन बरं होत नाही हे कबूल, पण आजी रोजानं कामाला न जाता सकाळी घरी राहिली तर फुटाण्यांची गरज कमी पडेल की.

वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या मावशींशी कुणी बोललं का? माझ्या केंद्रात तरी लेकरांचं सगळं गुपित त्यांच्याकडंच असतं. कोण जेवत नाही, कोण भाकरी खिशात घालून नेतं, हे आपल्याला फार उशिरा कळतं.

दोनशिक्षकी_बाई

सगळ्यांचे आभार, मधे शिक्षण परिषद आणि चाचण्यांत अडकले होते म्हणून उत्तराला उशीर.

पोटदुखीवालीचं गुरुजी म्हणाले तेच निघालं, सकाळी नुसता चहा. आता सगळ्यांना फुटाणे चालू केलेत, पोट धरून बसणं बऱ्यापैकी कमी झालंय. पीएचसीतही दाखवलं, बाकी काही नाही. बोलत मात्र अजून नाही. घरी बोलते, गोठ्यात शेळ्यांशी तर म्हणे तासन् तास बोलते. मग मी एक केलं, शाळेच्या मागं शेजाऱ्यांची शेळी बांधलेली असते तिच्यावर तिला पाटीवर लिहायला सांगितलं. चार ओळी लिहिल्या. मी मोठ्यानं वाचल्या तेव्हा एका ठिकाणी मी चुकीचं वाचलं तर तिनं माझी बाही ओढून बोट दाखवलं. आत्ता एवढंच.

मावशींशी बोलले, आणि भाकरी खिशात घालून नेणारी आमच्याकडं पण आहे, कोण ते तुम्ही ओळखलं असेलच. भावाला रात्री भूक लागते म्हणून. आता मावशी एक भाकरी वेगळी बांधूनच देतात, आजीच्या हातात. भावाला सर बघतात. मधल्या सुट्टीत खेळायला पाठवलं तर पहिले काही दिवस ती दाराशी उभी राहून सरांच्या वर्गाकडंच बघत होती, काल लंगडी खेळली.

अंथरूणवाल्याची लघवीची तपासणी व्हायची आहे, आजी तयार होत नव्हती, आशा ताईंना मधे घातलंय. मारामारी कमी आहे, बंद नाही.

अजून एक विचारायचंय. मागच्या वर्षी बघितलेलं, आईबाप परत आले की लेकरं खूश होतील असं वाटतं पण एक पोरगं तर आईजवळ जाईचना, आठवडाभर तिच्याशी बोललं नाही, आणि ती बिचारी शाळेत येऊन रडली. असं का होतं?

बालमन_ओपीडी

शेळीचं फार छान केलंत, तसंच चालू द्या, "आता बोलून दाखव" या पायरीवर लगेच जाऊ नका.

परत आल्यावरचं तुटक वागणं नेहमीचं आहे. लेकरू रागावलेलं असतं, आणि राग आता कुठं दाखवता येतो, कारण ज्याच्यावर आहे ते माणूस समोर आलंय. शिवाय परत जाईल ही भीती. आईनं मागं लागायचं नाही, लांबही राहायचं नाही, शेजारी बसून तिचं काम करत राहायचं, भाकरी करताना पीठ दे, पाणी दे असं काहीतरी सांगत. चार-आठ दिवसांत येतं जवळ. काही लेकरं उलट करतात, आईचा पदर सोडत नाहीत, शाळेत यायचं नाव काढत नाहीत, तेही त्यातलंच. टोळ्या यायच्या सुमारास तुम्ही आईबापांना आवाज पाठवताच आहात, त्यातच हे आधी सांगून ठेवा, म्हणजे लेकरानं तोंड फिरवलं तर आई घाबरणार नाही आणि बाप मारणार नाही.

जुना_गुरुजी

ह्याला जोडून, टोळी परत आली की लगेच लग्नसराई, यात्रा, कर्जाचा हिशोब, घरात भांडणं, दारू पण असते काही घरात. परीक्षाही तेव्हाच. त्या दोन-तीन आठवड्यांत मी नवीन काही शिकवत नाही, नुसता सराव आणि गोष्टी. आणि भिंतीवरची पट्टी काढू नका हं, पाडव्याच्या पुढं पोरांना आखाडी, पोळा, गणपती, दसरा काढायला लावा. आई परत कधी जाणार हे पण त्यांना त्याच पट्टीवर दिसलं पाहिजे, दिवाळीच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा.

दोनशिक्षकी_बाई

हे नव्हतं सुचलं. उद्या कार्डशीट आणते. गुरुजी, फुटाणे महिन्याला साधारण किती लागतात तुमच्याकडं, माझा पट सव्वीस आहे.

जुना_गुरुजी

मोजून घेतले नाहीत कधी, पण सव्वीसला सात-आठ किलो धरून चाला. तालुक्याला भट्टीवाल्याकडून घ्या, किराणावाल्यापेक्षा स्वस्त पडतात. गूळ गावातच मिळेल.